कबुलीचे कथन आणि नकाराचे मोल : सेलम येथील चेटूक-खटल्यांचा (१६९२-९३) एक विचार

१

इ. स. १६९२ च्या जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत उत्तर अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स बे या इंग्रज वसाहतीत चेटकाच्या आरोपावरून १९ व्यक्तींना फाशी देण्यात आले. त्यांत १४ स्त्रिया आणि ५ पुरुष होते. जाइल्स कोरी या वृद्ध शेतकऱ्याने खटल्यास सामोरे जाण्याचेच नाकारले. त्याच्या छातीवर दगड रचण्यात आले व त्यांच्या भाराखाली १९ सप्टेंबर रोजी त्याचा अंत झाला. किमान ५ आरोपी तुरुंगातच मरण पावले. आरोप झालेल्यांची एकूण संख्या दीडशेहून अधिक होती. त्यांपैकी सुमारे ५० जणांनी आपण सैतानाशी करार केल्याची कबुली दिली.

या आकडेवारीत एक विसंगती दडलेली आहे आणि प्रस्तुत निबंधाचा विषय तीच आहे. फाशी गेलेल्यांपैकी एकही व्यक्ती आपल्या कबुलीवर कायम राहिलेली नव्हती. ज्यांनी गुन्हा मान्य केला, त्यांची फाशी लांबणीवर पडली आणि अखेरीस ते वाचले. ज्यांनी तो अमान्य केला, ते मेले. युरोपातील चेटूक-खटल्यांत सामान्यतः कबुली ही मृत्युदंडाची पूर्वतयारी असे. न्यू इंग्लंडमधील पूर्वीच्या खटल्यांतही हीच रीत होती. कनेटिकटमधील मेरी जॉन्सन (१६४८), हार्टफर्डची रिबेका ग्रीनस्मिथ (१६६३) आणि बॉस्टनमधील आयरिश स्त्री ग्लोव्हर (१६८८) या तिघींनी कबुली दिली होती व तिघींनाही मृत्युदंड झाला होता. १६९२ मध्ये हा क्रम उलटला. तो का उलटला, याचे कायदेशीर उत्तर सोपे आहे : कबुली देणारे आरोपी इतरांविरुद्ध साक्षीदार म्हणून उपयोगी पडत होते. परंतु एवढ्याने प्रश्न संपत नाही. प्युरिटन समाजाने पापकथनाचा एक निश्चित साचा कित्येक वर्षे जोपासला होता. सेलमच्या न्यायासनासमोर त्या साच्यात बसणाऱ्या कथनावर विश्वास ठेवला गेला, आणि त्यात न बसणारे सत्य अविश्वसनीय ठरले. इतिहासाइतकाच हा कथनप्रकाराचा प्रश्न आहे, आणि म्हणून तो तौलनिक साहित्याच्या अभ्यासकाच्याही कक्षेत येतो.

२

या घटनांचा विचार मराठीतून करताना प्रथम संज्ञांची अडचण उभी राहते. ‘चेटकीण’, ‘डाकीण’, ‘भुताळी’ हे मराठी शब्द मुख्यतः दुसऱ्याला अपाय करणाऱ्या गूढ शक्तीचा निर्देश करतात. करणी, मूठ मारणे, नजर लावणे या कल्पना त्यांच्याशी निगडित आहेत. इंग्लंडच्या व न्यू इंग्लंडच्या खेड्यांतील सामान्य माणसाची समजूतही यापासून फार दूर नव्हती. गाय आटली, मूल दगावले, लोणी येईना, की शेजारणीवर संशय जाई. मात्र प्युरिटन धर्मशास्त्राला अपायापेक्षा करार महत्त्वाचा वाटे. चेटकीण म्हणजे जिने देवाशी असलेला करार मोडून सैतानाशी नवा करार केला ती, अशी त्याची व्याख्या होती. विल्यम पर्किन्स या इंग्रज धर्मशास्त्रज्ञाच्या १६०८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथाने ही व्याख्या न्यू इंग्लंडच्या पाळकांपर्यंत पोहोचवली होती. अपायाला साक्षीदार मिळू शकतो, पण करार एकांतात होतो आणि तो करणाऱ्यावाचून दुसरा कोणी पाहत नाही. त्यामुळे कबुली हाच सर्वोत्तम पुरावा ठरणे अपरिहार्य होते.

राजकीय परिस्थितीही ध्यानात घ्यावी लागते. वसाहतीची मूळ सनद १६८४ मध्ये रद्द झाली होती. १६८९ मध्ये बॉस्टनच्या नागरिकांनी राजनियुक्त गव्हर्नर अँड्रॉस याला पदच्युत केले. नवी सनद १६९१ मध्ये मिळाली, पण ती घेऊन गव्हर्नर विल्यम फिप्स १६९२ च्या मे महिन्याच्या मध्यास बॉस्टनला पोहोचले. तोवर आरोपींची धरपकड चालू होती आणि त्यांचे खटले चालवण्यास अधिकृत न्यायालय नव्हते. उत्तर सीमेवर फ्रेंच व त्यांचे मित्र असलेले वाबानाकी यांच्याशी युद्ध चालू होते. मेनमधील यॉर्क या वस्तीवर १६९२ च्या जानेवारीतच मोठा हल्ला झाला होता. अनेक साक्षीदार मुली या युद्धात होरपळलेल्या कुटुंबांतील होत्या, ही गोष्ट मेरी बेथ नॉर्टन यांनी २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात सविस्तर दाखवली आहे. पॉल बॉयर व स्टीफन निसेनबॉम यांनी १९७४ मध्ये सेलम खेड्यातील गटबाजीकडे, तर कॅरल कार्लसन यांनी १९८७ मध्ये स्त्रियांच्या वारसाहक्काकडे लक्ष वेधले. ही सर्व स्पष्टीकरणे आरोप कोणावर व का झाले, हे सांगतात. आरोप झाल्यानंतर माणसे काय बोलली आणि त्या बोलण्याचे काय झाले, हा त्यापुढचा प्रश्न आहे.

३

मॅसॅच्युसेट्सच्या मंडळ्यांमध्ये पूर्ण सभासद होऊन प्रभुभोजनात भाग घेण्यासाठी केवळ बाप्तिस्मा आणि सदाचरण पुरेसे नव्हते. १६३० च्या दशकाच्या मध्यापासून इच्छुकाने आपल्या अंतःकरणात देवाच्या कृपेने कसे कार्य केले, याचे निवेदन मंडळीपुढे करावे, असा दंडक रूढ झाला. केंब्रिज येथील पाळक थॉमस शेपर्ड यांनी आपल्या मंडळीतील अशी निवेदने टिपून ठेवली असून ती आज उपलब्ध आहेत. त्यांत विणकर आहेत, विधवा आहेत, नोकर आहेत. या निवेदनांचा साचा ठरलेला असे. प्रथम पापाची जाणीव, मग निराशा, मग सैतानाचा मोह, आणि शेवटी कृपेची अंधुक पण आश्वासक चाहूल. एडमंड मॉर्गन यांनी १९६३ मध्ये या प्रथेचा इतिहास मांडला आहे.

या प्रथेचे दोन परिणाम येथे महत्त्वाचे आहेत. एक म्हणजे, आपण अधम आहोत हे जाहीरपणे सांगणे हा समाजात प्रवेश मिळवण्याचा मार्ग ठरला. जो स्वतःला निष्पाप म्हणवतो त्याच्याकडे संशयाने पाहावे, हे वळण मनाला लागले. दुसरे असे, की अंतःकरणाची तपासणी करण्याची सवय असलेल्या माणसाला स्वतःच्या निर्दोषत्वाची खात्री देणे कठीण झाले. एखाद्या दुःखाच्या क्षणी देवाविषयी मनात आलेला कडवट विचार हा सैतानाला दिलेला होकारच नव्हता काय, असा प्रश्न भाविक स्त्रीला पडू शकत होता. एलिझाबेथ रीस यांनी १९९७ मध्ये असे प्रतिपादन केले, की प्युरिटन स्त्रिया सामान्य पाप आणि सैतानाशी करार यांतील सीमारेषा पुरुषांपेक्षा सहज ओलांडत, कारण आपला आत्माच मूलतः भ्रष्ट आहे असे त्या मानत. सेलमच्या कागदपत्रांत याचे प्रत्यंतर मिळते.

४

प्रकरणाची सुरुवात १६९२ च्या जानेवारीत सेलम खेड्याचे पाळक सॅम्युएल पॅरिस यांच्या घरी झाली. त्यांची ९ वर्षांची मुलगी बेटी आणि ११ वर्षांची नातलग मुलगी ॲबिगेल विल्यम्स यांना झटके येऊ लागले. २९ फेब्रुवारी रोजी तीन स्त्रियांविरुद्ध वॉरंट निघाले : भीक मागून जगणारी सॅरा गुड, अंथरुणाला खिळलेली सॅरा ऑसबर्न आणि पॅरिस यांच्या घरची गुलाम स्त्री टिट्युबा. १ मार्चपासून जॉन हॅथॉर्न व जोनाथन कॉर्विन या दंडाधिकाऱ्यांनी त्यांची तपासणी केली. हॅथॉर्न यांच्या प्रश्नांत गुन्हा गृहीत धरलेला असे. मुलांना पीडा देतेस काय, असे विचारण्यापूर्वीच ती का देतेस, असे विचारले जाई. मराठीतील ‘कबुलीजबाब’ हा जोडशब्द येथे अर्थपूर्ण ठरतो. जबाब हा कोणाच्या तरी प्रश्नाला दिलेला असतो, आणि प्रश्नाच्या घडणीतच उत्तराचा आकार ठरून जातो.

गुड व ऑसबर्न यांनी आरोप नाकारला. टिट्युबाने प्रथम नकार दिला आणि नंतर ती बोलू लागली. तिच्या जबानीत बॉस्टनहून आलेला काळ्या पोशाखातील उंच पुरुष आहे, पिवळा पक्षी आहे, तांबडी व काळी मांजरे आहेत, काठीवर बसून केलेला प्रवास आहे. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे तिच्या जबानीत एक पुस्तक आहे व त्या पुस्तकात नऊ खुणा आहेत. त्यांपैकी दोन खुणा गुड व ऑसबर्न यांच्या असल्याचे तिने सांगितले. उरलेल्या सात कोणाच्या, हे तिला सांगता आले नाही. पुढील महिन्यांतील शोधाला या सात रिकाम्या जागांनी दिशा दिली. मंडळीच्या करारपत्रावर सभासद सही करीत, तशीच सैतानाच्या पुस्तकात खूण. मंडळीच्या कृपाकथनाची उलटी प्रतिमा न्यायासनासमोर उभी राहिली आणि श्रोत्यांनी ती तत्काळ ओळखली. ती त्यांच्याच व्याकरणात घडलेली होती.

टिट्युबाची ओळख हा स्वतंत्र पण संबंधित प्रश्न आहे. समकालीन कागदपत्रांत तिला सातत्याने ‘इंडियन’ म्हटले आहे, म्हणजे अमेरिका खंडातील मूलनिवासी. हा शब्द मराठीत आणताना ‘भारतीय’ असा अर्थ होऊ न देण्याची दक्षता घ्यावी लागते. एकोणिसाव्या शतकात लाँगफेलो यांच्या नाटकाने (१८६८) तिला अर्धी आफ्रिकी केले आणि विसाव्या शतकात ती पूर्णपणे आफ्रिकी झाली. चॅडविक हॅन्सन यांनी १९७४ मध्ये या रूपांतराचा माग काढला. तिने मुलींना जादूटोणा शिकवला, ही सर्वश्रुत कथा समकालीन कागदांत कोठेच नाही. मुलींच्या पीडेचे कारण शोधण्यासाठी जो विधी केला गेला तो मेरी सिब्ली या इंग्रज शेजारणीने सुचवला होता. मालकाने मारहाण करून आपल्याकडून कबुली घेतली, असे टिट्युबाने पुढे सांगितल्याची नोंद रॉबर्ट कॅलेफ यांच्या १७०० मध्ये लंडन येथे प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात आहे. १६९३ च्या मे महिन्यात ग्रँड ज्युरीने तिच्यावर आरोप ठेवण्यास नकार दिला. मात्र तुरुंगाचा खर्च भरण्यास कोणी पुढे येईपर्यंत ती आतच राहिली. जो कोणी तो भरील त्याची ती मालमत्ता होणार होती.

५

जुलै ते सप्टेंबर या काळात शेजारच्या अँडोव्हर गावात कबुल्यांचा पूर आला. तेथील मेरी ऑसगुड या प्रतिष्ठित स्त्रीची कबुली ८ सप्टेंबरची आहे. अकरा वर्षांपूर्वी आपण खिन्न अवस्थेत असताना मांजराच्या रूपात काहीतरी दिसले, प्रार्थनेवरून मन उडाले, मग काळा पुरुष पुस्तक घेऊन आला, त्यावर बोट ठेवताच तांबडा ठिपका उमटला आणि पुढे तळ्यात सैतानाने आपला बाप्तिस्मा केला, असे तिने सांगितले. ऑक्टोबरमध्ये बॉस्टनचे ज्येष्ठ पाळक इन्क्रीज मॅदर यांनी तुरुंगात जाऊन कबुली दिलेल्या स्त्रियांची भेट घेतली, तेव्हा तिने ही कथा कशी तयार झाली ते सांगितले. आपण कोणत्या वेळी चेटकीण झालो हे सांगण्याचा आग्रह धरण्यात आला. काय सांगावे हे कळेना. शेवटच्या बाळंतपणानंतर सुमारे बारा वर्षांपूर्वी आपण आजारी व उदास होतो हे आठवले, आणि ती वेळ सांगण्यास इतर कोणत्याही वेळेइतकीच योग्य वाटली. सैतान कोणत्या रूपात आला, असे विचारल्यावर त्या दिवसांत पाहिलेले मांजर आठवले, म्हणून मांजर सांगितले.

या दोन कागदांना एकत्र वाचल्यावर कबुलीची रचनाप्रक्रिया स्पष्ट दिसते. तिच्यातील आजार, दुःख व मांजर ही सामग्री खरी आहे. तिला जोडणारी चौकट मात्र बाहेरून आलेली आहे. एखाद्या स्त्रीच्या आयुष्यातील, अन्यथा कोठेही न नोंदली गेलेली, प्रसूतीनंतरची उदासी या खोट्या कथनामुळेच कागदावर उतरली. मेरी टायलर या दुसऱ्या स्त्रीने मॅदर यांना सांगितले, की अँडोव्हरहून सेलमला घोड्यावरून नेले जात असताना तिचा भाऊ वाटभर कबुली देण्याविषयी विनवीत होता. तू चेटकीण असलीच पाहिजेस, असेही तो म्हणत होता. कबुली दिली तरच बहीण वाचेल, या मायेपोटी चाललेली ती सक्ती होती.

उघड बळजबरीही होती. जॉन प्रॉक्टर याने २३ जुलै रोजी तुरुंगातून बॉस्टनच्या पाळकांना पाठवलेल्या पत्रात, मार्था कॅरियर हिच्या दोन मुलांना आणि आपल्या मुलाला मान व टाचा एकत्र बांधून ठेवण्यात आल्याची तक्रार केली आहे. परंतु श्रोत्यांच्या मनाची घडण याहूनही परिणामकारक होती. सॅरा चर्चिल या नोकर मुलीने खोटी कबुली दिल्यानंतर रडत एका परिचित स्त्रीजवळ मन मोकळे केले. आपण सैतानाच्या पुस्तकावर हात ठेवल्याचे एकदा जरी सांगितले तरी पाळक विश्वास ठेवतील, आणि ठेवला नाही हे सत्य शंभर वेळा सांगितले तरी ठेवणार नाहीत, असा तिच्या बोलण्याचा आशय होता. सेलमच्या न्यायव्यवहाराचे इतके नेमके निदान त्या काळातील कोणत्याही विद्वानाने केलेले नाही.

६

या पार्श्वभूमीवर नकाराचे स्वरूप पाहिले पाहिजे. ७१ वर्षांच्या रिबेका नर्स हिला ज्युरीने जूनअखेरीस प्रथम निर्दोष ठरवले. मुख्य न्यायाधीश विल्यम स्टॉटन यांनी ज्युरीचे लक्ष तिच्या एका उद्गाराकडे वेधले. कबुली दिलेली डेलिव्हरन्स हॉब्ज साक्षीसाठी आणली जात असता, ती आमच्यापैकीच, अशा अर्थाचे काहीतरी नर्स म्हणाली होती. याचा अर्थ काय, असे ज्युरीने विचारले. नर्स काही बोलली नाही. ज्युरीने निर्णय फिरवला. आमच्यापैकी म्हणजे आमच्याबरोबर तुरुंगात असलेली, एवढाच आपला अर्थ होता आणि कानाने अधू असल्याने प्रश्न नीट ऐकू आला नाही, असा खुलासा तिने नंतर लेखी दिला. १९ जुलै रोजी तिला फाशी दिले गेले. तिचा खुलासा आणि ज्युरीप्रमुखाचे निवेदन कॅलेफ यांच्या ग्रंथामुळे टिकून राहिले. एका सर्वनामाच्या अर्थनिर्णयावर एक जीव गेला, असे या प्रसंगाविषयी अतिशयोक्ती न करता म्हणता येते.

तिची बहीण मेरी ईस्टी हिने सप्टेंबरमध्ये न्यायाधीशांना व पाळकांना अर्ज लिहिला. त्यात तिने स्वतःच्या जिवाची याचना केलेली नाही. आपला अंत ठरलेला आहे हे तिने मान्य केले आणि यापुढे निरपराध रक्त सांडू नये एवढीच विनंती केली. त्यासाठी तिने एक व्यवहार्य सूचनाही केली. पीडित म्हणवणाऱ्यांची स्वतंत्रपणे कसून तपासणी करावी व कबुली दिलेल्या काहींवरही खटला चालवावा. खोटी कबुली देणाऱ्यांची ढाल दूर झाली तर सत्य बाहेर येईल, हा त्यामागील विचार होता. २२ सप्टेंबर रोजी तिला फाशी झाली.

कबुली मागे घेण्याची किंमत काय होती, हे दोन उदाहरणांतून कळते. मार्गारेट जेकब्ज या तरुण मुलीने भीतीपोटी कबुली देताना आपले आजोबा जॉर्ज जेकब्ज आणि माजी पाळक जॉर्ज बरोज यांची नावे घेतली. नंतर तिने ती कबुली मागे घेतली. १९ ऑगस्टला त्या दोघांना फाशी झाली. दुसऱ्याच दिवशी तिने तुरुंगातून वडिलांना पत्र लिहिले. खोटे बोलून जगण्यापेक्षा शांत सद्‌सद्‌विवेकबुद्धीने मरण पत्करावे, हा त्याचा भाव आहे. आजारपणामुळे तिचा खटला लांबला आणि ती वाचली. अँडोव्हरचा सुतार सॅम्युएल वॉर्डवेल मात्र वाचला नाही. १ सप्टेंबरला त्याने तपशीलवार कबुली दिली होती. १३ सप्टेंबरला ती त्याला वाचून दाखवली असता आपण स्वतःविषयी खोटे बोललो, असे त्याने सांगितले. मान्य केले काय किंवा न केले काय, आपल्याला मरायचेच आहे, हेही तो म्हणाला. नऊ दिवसांनी त्याला फाशी झाली. कबुली देऊनही फाशी गेलेला तो एकमेव, आणि तोही कबुली नाकारली म्हणून.

फाशी गेलेल्यांनी जिवापेक्षा सत्याला अधिक मानले, असे म्हणणे भावुकपणाचे वाटू शकते. परंतु त्यांच्या धर्मभूमिकेतून पाहिले तर हा निर्णय सुसंगत होता. स्वतःविषयी खोटी साक्ष देणे हे पाप होते आणि त्या पापाचा जाब लवकरच देवापुढे द्यावा लागणार होता. ज्या श्रद्धेने न्यायाधीशांना आंधळे केले, त्याच श्रद्धेने आरोपींना खंबीर केले.

७

खटले थांबले ते पुराव्याच्या प्रश्नावर. आरोपीचे छायारूप आपल्याला पीडा देताना दिसते, अशी पीडितांची साक्ष न्यायालय ग्राह्य मानत होते. सैतान निरपराध माणसाचेही रूप घेऊ शकतो काय, हा वादाचा मुद्दा होता. १५ जूनच्या निवेदनात पाळकांनी या पुराव्याविषयी सावधगिरी सुचवली, पण त्याच निवेदनात कारवाईची भलामणही केली. ऑक्टोबरच्या आरंभी इन्क्रीज मॅदर यांनी आपल्या प्रबंधात अधिक ठाम भूमिका घेतली. एका निरपराध्याला दोषी ठरवण्यापेक्षा दहा संशयित सुटलेले बरे, असा त्यांचा निष्कर्ष होता. त्याच सुमारास त्यांचे पुत्र कॉटन मॅदर खटल्यांचे समर्थन करणारा ग्रंथ सिद्ध करीत होते. २९ ऑक्टोबर रोजी फिप्स यांनी विशेष न्यायालय संपुष्टात आणले.

१६९३ च्या जानेवारीत नव्या वरिष्ठ न्यायालयात उरलेले खटले सुरू झाले. छायारूपाचा पुरावा आता बाद ठरला होता. बहुतेक आरोपी निर्दोष सुटले. तिघी मात्र दोषी ठरल्या : एलिझाबेथ जॉन्सन (धाकटी), मेरी पोस्ट आणि सॅम्युएल वॉर्डवेलची पत्नी सॅरा. तिघींनीही पूर्वी कबुली दिली होती. इतर पुरावा नाहीसा झाल्यावर कबुली तेवढी उरली, आणि जिने सप्टेंबरपर्यंत जीव वाचवला तीच जानेवारीत गळ्याशी आली. फिप्स यांनी त्यांची फाशी तहकूब केली व त्या वाचल्या. पण कबुलीने मिळालेले संरक्षण न्यायाचे नव्हते, केवळ न्यायालयाच्या तात्कालिक सोयीचे होते, हे या निकालांनी उघड केले.

८

यानंतरचा इतिहास पश्चात्तापाच्या निवेदनांचा आहे. १४ जानेवारी १६९७ हा दिवस वसाहतीत उपवासाचा म्हणून पाळला गेला. त्या दिवशी न्यायाधीश सॅम्युएल स्यूअल बॉस्टनमधील आपल्या मंडळीत उभे राहिले आणि त्यांनी दोष व लाज स्वतःकडे घेणारे त्यांचे निवेदन पाळकाने वाचून दाखवले. ज्युरीतील १२ जणांनीही लेखी क्षमा मागितली. स्टॉटन यांनी अखेरपर्यंत अशी क्षमा मागितली नाही. बेव्हर्लीचे पाळक जॉन हेल यांनी आरंभी खटल्यांना पाठिंबा दिला होता, परंतु त्यांच्या स्वतःच्या पत्नीवर आरोप आल्यानंतर त्यांचे मत पालटले. त्यांचा आत्मपरीक्षणपर ग्रंथ त्यांच्या मृत्यूनंतर १७०२ मध्ये प्रसिद्ध झाला.

१७०६ च्या ऑगस्टमध्ये ॲन पटनम हिचे निवेदन सेलम खेड्याच्या मंडळीत वाचले गेले. १६९२ मध्ये ती १२ वर्षांची होती आणि आरोप करणाऱ्यांत अग्रभागी होती. आपण सैतानाच्या भुलीत सापडून निरपराधांवर आरोप केले, त्यामागे राग वा द्वेष नव्हता, असे सांगून तिने विशेषतः रिबेका नर्स व तिच्या बहिणींच्या संदर्भात क्षमा मागितली. हे निवेदन तिने मंडळीच्या पूर्ण सभासदत्वासाठी केले होते आणि ते तिला मिळाले. म्हणजे कृपाकथनाचा तोच जुना साचा पुन्हा उपयोगी पडला. पाप, भूल, पश्चात्ताप, स्वीकार. यात दंभ होता असे म्हणण्यास आधार नाही. ज्या समाजात मनातील दुःख व्यक्त करण्याची एकच मान्य रीत आहे, त्या समाजात खरा पश्चात्तापही त्याच रीतीने बोलणार. परंतु या रीतीत कर्तेपण सैतानाकडे जाते आणि न्यायाधीश, दंडाधिकारी, पाळक यांनी विचारलेले प्रश्न अदृश्य होतात, हेही नोंदवले पाहिजे.

१७११ च्या कायद्याने २२ जणांचे दोषित्व रद्द झाले व वारसांना नुकसानभरपाई मिळाली. ज्यांच्या वतीने कोणी अर्ज केला नव्हता, त्यांची नावे वगळली गेली. १९५७ च्या ठरावात ॲन प्युडिएटर हिचे नाव आले. उरलेल्या पाच फाशी गेलेल्या स्त्रियांची नावे २००१ मध्ये समाविष्ट झाली.

९

या इतिहासाचा साहित्यातील पुढचा प्रवास पाहताना वरील भेद लक्षात ठेवणे उपयुक्त ठरते. आर्थर मिलर यांच्या ‘द क्रूसिबल’ (१९५३) या नाटकात जॉन प्रॉक्टर कबुलीवर सही करतो आणि मग ती फाडून टाकतो. ऐतिहासिक प्रॉक्टर सुमारे साठ वर्षांचा होता व त्याने कधीच कबुली दिली नव्हती. ॲबिगेल ११ वर्षांची होती आणि दोघांतील प्रेमसंबंध ही नाटककाराची निर्मिती आहे. कबुली देऊन ती नाकारणारा माणूस कागदपत्रांत आहे, पण तो वॉर्डवेल आहे. जिवाच्या बदल्यात इतरांची नावे मागणारी यंत्रणा मिलर यांनी अचूक ओळखली होती, कारण त्यांच्या काळातील अमेरिकेत ती चालू होती. १९५६ मध्ये काँग्रेसच्या समितीपुढे त्यांनी स्वतः नावे सांगण्यास नकार दिला. मरीझ काँदे यांच्या टिट्युबावरील फ्रेंच कादंबरीने (१९८६) कबुली देणाऱ्या स्त्रीला नायिका केले व तिला तिचे स्वतःचे पूर्वायुष्य कल्पनेने परत दिले. एकाने नकाराची बाजू घेतली, दुसरीने कबुलीची. दोन्ही कृती इतिहासापासून दूर जातात, आणि दोन्ही त्यातील एकेका सत्याला अधिक दृश्य करतात.

मात्र कागदपत्रांचे वाचन साहित्यकृतींनी संपत नाही. विशेष न्यायालयाची अधिकृत नोंदवही उपलब्ध नाही. उरले आहेत ते तपासण्यांचे टिपण, साक्षी, आरोपपत्रे आणि अर्ज. बर्नार्ड रोझेंथल व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये या कागदांची नव्याने संपादित संहिता प्रसिद्ध केली. तपासण्यांची अनेक टिपणे खुद्द सॅम्युएल पॅरिस यांच्या हातची आहेत. ज्याच्या घरातून आरोप सुरू झाले, त्याच्याच लेखणीतून आरोपींचे शब्द आपल्यापर्यंत आले आहेत. तरीही त्या टिपणांतून नकार पुसला गेलेला नाही. प्रश्न दहा प्रकारे विचारला गेला आणि उत्तर प्रत्येक वेळी तेच आले, एवढे ती टिपणे प्रामाणिकपणे सांगतात.

एलिझाबेथ जॉन्सन (धाकटी) हिचे नाव या संदर्भात शेवटी घेणे उचित होईल. १६९२ मध्ये ती विशीच्या पुढे होती. तिचे आजोबा, अँडोव्हरचे पाळक फ्रान्सिस डेन, यांनी ती भोळसट असल्याचे लिहिले आहे. विचारले ते तिने मान्य केले आणि ती वाचली. १७११ च्या यादीत तिचे नाव नव्हते. पुढील वर्षी तिने स्वतः अर्ज केला, पण त्याचा उपयोग झाला नाही. नॉर्थ अँडोव्हरमधील शाळकरी मुलांनी पाठपुरावा केल्यानंतर २०२२ मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या विधिमंडळाने तिचे दोषित्व रद्द केले. दोषी ठरलेल्यांच्या यादीतील ते शेवटचे नाव होते. नकार देणाऱ्यांना मृत्यूनंतर निर्दोषत्व मिळाले. कबुली देऊन जगलेल्या या स्त्रीला तिने स्वतःच उच्चारलेल्या खोट्या कथेतून मुक्त होण्यास ३२९ वर्षे लागली.